कानावर पडलं, पण ऐकू आलं नाही

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र. मायामीच्या पश्चिमेला, एव्हरग्लेड्सच्या दलदलीवरून उडणाऱ्या एका विमानाच्या कॉकपिटमध्ये ११ वाजून ४० मिनिटं ३८ सेकंदांनी अर्ध्या सेकंदाची एक घंटी वाजली. कॉकपिटमधले आवाज टिपणाऱ्या यंत्राने ती नीट टिपली. तिचा अर्थ एकच होता: नेमून दिलेल्या उंचीपासून विमान २५० फूट सरकलं आहे. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही, कुणी दांडा ओढला नाही. बरोबर ९४ सेकंदांनी विमान दलदलीत आदळलं. विमानात १७६ जण होते. १०१ गेले, ७५ वाचले.

मराठीत ‘कानाडोळा करणं’ असा एक झकास शब्द आहे. कान आणि डोळा, दोन्ही एकाच शब्दात बांधलेले. पण या शब्दाच्या पोटात एक गृहीतक आहे. माणसाने ऐकलं, पाहिलं आणि मग समजून-उमजून सोडून दिलं, असा त्यात आरोप असतो. त्या विमानात, म्हणजे ईस्टर्न एअर लाइन्सच्या फ्लाइट ४०१ मध्ये, कुणीही कानाडोळा केला नव्हता. मग काय, ‘लक्ष नव्हतं’ म्हणायचं? तेही खरं नाही. लक्ष होतं, आणि अगदी एकाग्र होतं. फक्त ते एका दिव्यावर होतं.

हा अपघात वैमानिकांच्या प्रशिक्षणात आजही शिकवला जातो. शिकवताना भर असतो तो कामाच्या वाटणीवर: सगळेच दिव्यामागे लागले, विमान उडवायला कुणी उरलं नाही. ते बरोबरच आहे. मला मात्र या प्रकरणात कायम छळते ती घंटी. जागं, अनुभवी, कामात असलेलं माणूस आणि त्याच्या कानावर स्पष्ट पडलेला आवाज, या दोघांची गाठ का पडली नाही, एवढाच प्रश्न इथे घेतो.

त्या रात्री काय झालं

विमान लॉकहीड ट्रायस्टार, कंपनीकडे येऊन जेमतेम चार महिने झालेलं. ऑटोपायलट त्या काळातला अव्वल. न्यूयॉर्कहून मायामीला येत होतं. कॅप्टन ५५ वर्षांचा, गाठीशी सुमारे २९,७०० तासांचं उड्डाण. शेजारी सहवैमानिक, त्यांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर आणि जादा सीटवर कंपनीचाच एक देखभाल-तंत्रज्ञ. हवा स्वच्छ होती, पण आकाशात चंद्र नव्हता.

उतरण्यासाठी चाकं खाली सोडली आणि पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. याचे अर्थ दोन. एक तर चाक खाली येऊन पक्कं बसलेलं नाही, नाही तर दिवाच गेलाय. ११:३४ च्या सुमारास कॅप्टनने टॉवरला कळवलं. टॉवरने २,००० फुटांवर चढायला सांगितलं आणि विमान पुढे पश्चिमेकडे वळवलं गेलं. तिकडे खाली दलदल, वस्ती नाही, दिवे नाहीत. ११:३६ ला कॅप्टनच्या सांगण्यावरून ऑटोपायलट लावला. उंची राखायचं काम आता यंत्राकडे गेलं.

इथून पुढची चार-पाच मिनिटं म्हणजे एका छोट्या दिव्याचं टोपण. ते काढलं गेलं, परत बसवताना आडवं बसलं आणि अडकलं. मग ते असं फिरवायचं की तसं, पाव फेरा डावीकडे द्यायचा का, पकडीने ओढलं तर निघेल की मोडेल, अशी चर्चा. कुणी घरातला दिवा दुरुस्त करताना जसा आवाज असतो, अगदी तसाच. दरम्यान कॅप्टनने इंजिनिअरला कॉकपिटच्या जमिनीखालच्या खोबणीत उतरून, तिथल्या दुर्बिणीतून चाक प्रत्यक्ष बघायला सांगितलं. एकदा सांगून तो लगेच गेला नाही, तेव्हा पुन्हा सांगितलं.

याच गडबडीत केव्हातरी योकला, म्हणजे विमान वर-खाली करायच्या दांड्याला, कुणाचा तरी हलका रेटा लागला. कॅप्टन मागे वळून इंजिनिअरशी बोलत असताना हे झालं असावं, अशी शक्यता तपासात मांडली गेली. या ऑटोपायलटची रचना अशी होती की दांडा थोडा ढकलला की ‘उंची धरून ठेव’ हा हुकूम सुटायचा, आणि ऑटोपायलट मात्र चालूच राहायचा. विमान अलगद खाली उतरू लागलं. इतकं अलगद की शरीराला काही जाणवू नये. बाहेर मिट्ट काळोख, त्यामुळे डोळ्याच्या कडेलाही काही सरकताना दिसेना.

अशा वेळेसाठी दोन इशारे बसवलेले होते: एक लुकलुकणारा पिवळा दिवा आणि एक घंटी. या कंपनीच्या विमानांमध्ये तो दिवा जमिनीपासून २,५०० फुटांच्या खाली बंद राहील, अशी जोडणी होती. विमान होतं २,००० वर. म्हणजे डोळ्यांसाठीचा इशारा आधीच बाद. राहिली घंटी. तिला ‘सी-कॉर्ड’ म्हणतात. वाद्यावर तीन स्वर एकत्र दाबल्यासारखा आवाज. ती वाजायची इंजिनिअरच्या जागेजवळच्या स्पीकरमधून. आणि इंजिनिअरला नुकतंच खाली धाडलेलं.

एकदा वाजली. अर्धा सेकंद. पुन्हा नाही.

त्या क्षणी विमान १,७५० फुटांच्या आसपास होतं. वाचायला वेळ भरपूर होता, दीड मिनिट. संभाषणाच्या उताऱ्यावरून दिसतं की ११:३८:५६ पासून ११:४१:०५ पर्यंत दोघे वैमानिक त्या टोपणाबद्दलच बोलत होते. घंटी बरोबर या दोन मिनिटांच्या पोटात आहे.

कानाला पापणी नसते, म्हणून काय

घंटी बसवणाऱ्यांचा विचार काही वेडगळ नव्हता. डोळा एका वेळी एकाच दिशेला बघतो, मिटतो, थकतो. कानाला पापणी नाही, पाठीमागचंही ऐकू येतं. साध्या प्रतिक्रियेचा वेळ मोजला तर आवाजाला माणूस दिव्यापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो, काही दशांश नाही, काही शतांश सेकंदांनी. म्हणून जगभर धोक्याचे इशारे आवाजात दिले जातात. डोळे गुंतलेले असले तरी कान रिकामे असतात, हा त्यामागचा हिशेब. आणि हिशेब चुकतो तो ‘रिकामे’ या शब्दापाशी.

कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ मध्ये एक प्रयोग केला. दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडायची आणि एका कानातलं मोठ्याने, शब्दागणिक म्हणत राहायचं. दुसऱ्या कानातलं लोकांना जवळजवळ काहीच सांगता येईना. भाषा बदलून जर्मन केली तरी अनेकांना पत्ता नाही. पण त्याच दुर्लक्षित कानात शुद्ध सूर वाजवला तर तो मात्र लोकांना कळायचा. गंमत अशी की हा निकाल आपलं कोडं सोडवण्याऐवजी अवघड करतो. एका कानाचं काम चालू असताना दुसऱ्या कानातला सूर कळतो, तर कॉकपिटमधला सूर का कळू नये?

उत्तराचा एक धागा लंडनमध्ये सापडतो. मॅकडोनल्ड आणि लावी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग फार साधा आहे. पडद्यावर क्षणभर एक फुली येते. काहींनी फक्त रंग सांगायचा, हे सोपं काम. काहींनी फुलीच्या दोन रेघांपैकी लांब कुठली ते सांगायचं, आणि फरक अगदी बारीक, म्हणजे डोळे ताणून बघायचं काम. शेवटच्या फेरीत, न सांगता, फुलीबरोबरच हेडफोनमध्ये एक छोटा सूर वाजतो. मग विचारायचं, काही ऐकू आलं का? बारीक फरक शोधणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांपर्यंत लोक ‘नाही’ म्हणाले. सोपं काम करणाऱ्यांत हे प्रमाण बरंच कमी. सूर तोच, कान निरोगी. फक्त डोळ्यांचं काम जड.

यावर एक रास्त शंका येते. ऐकलं असेल, पण लगेच विसरले असतील, असं कशावरून नाही? २०१५ मध्ये लावी यांच्याच गटाने मेंदूतल्या चुंबकीय हालचाली मोजून हे तपासलं. डोळ्यांचं काम जड असताना आवाजाला मेंदू देत असलेला प्रतिसाद आवाज सुरू झाल्यापासून सुमारे १०० मिलिसेकंदांच्या आसपासच, म्हणजे फार लवकर, फिका पडलेला दिसला. निव्वळ विसरण्याने हे समजावता येत नाही. आवाज जाणिवेच्या उंबरठ्यावरच दुबळा पोहोचतो. मराठी इथे इंग्रजीपेक्षा नेमकी आहे. कानावर पडणं, ऐकू येणं आणि ऐकणं या आपल्याकडे तीन निराळ्या गोष्टी आहेत. ४०१ मध्ये पहिली झाली. दुसरीच झाली नाही, तर तिसरीची बातच सोडा.

आता दुसरी बाजू. डोळे आणि कान एकाच डब्यातून खातात, असं सरसकट म्हटलं तर गाडी चालवताना गाणं ऐकणं अशक्य व्हायला हवं. एले, मोरोन आणि बर यांनी २००६ मध्ये दाखवलं की डोळ्यांनी फिकट-गडद ओळखणं आणि कानांनी सुराची पट्टी ओळखणं ही कामं एकत्र दिली तरी एकमेकांना फारशी आडवी येत नाहीत. दोघांची लक्षाची शिदोरी वेगळी, असं त्यांचं म्हणणं. हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतात आणि या क्षेत्रात त्यावरून वाद आहेही. मला मात्र त्यात तसा झगडा दिसत नाही. २००६ च्या प्रयोगात माणसाला माहीत असतं की सूर येणार आहे आणि आपल्याला त्याबद्दल विचारणार आहेत. त्याने कानाशी माणूस बसवून ठेवलेला असतो. २०११ च्या प्रयोगात कुणी बसलेलं नसतं. अपेक्षित गोष्टीसाठी दोन इंद्रियांना दोन वाटा मिळू शकतात. अनपेक्षित गोष्टीला मात्र उरलंसुरलं मिळतं, आणि डोळ्यांनी पोटभर खाल्लं असेल तर उरत काही नाही. फ्लाइट ४०१ मधली घंटी अनपेक्षित होती, कारण उंची सांभाळायला यंत्र बसवलेलं होतं. ज्या कामाची काळजी आपण सोडून दिली, त्या कामाच्या हाकेसाठी कोण कान टवकारून बसतं?

शिवाय त्या दोन मिनिटांत कान तरी कुठे मोकळे होते? ते टोपणाचीच चर्चा ऐकत होते. डोळे टोपणावर, हात टोपणावर, जीभ आणि कान टोपणाच्या गप्पांत. उलट दिशेनेही हीच कहाणी आहे. फोनवर बोलत गाडी चालवण्याची नक्कल करणाऱ्यांवर स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये केलेल्या प्रयोगात फोन हातात धरला काय आणि हात मोकळे ठेवून बोललं काय, चुका सारख्याच वाढल्या. अडचण हातांची नव्हतीच. ‘हँड्सफ्री आहे, काळजी नको’ म्हणणाऱ्यांना हे पटवणं मी केव्हाच सोडून दिलंय.

कान चालू होते, याचा पुरावा

या प्रकरणाचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तुकडा घंटीनंतर एका मिनिटाने येतो, आणि त्याच्याकडे सहसा दुसऱ्याच कारणासाठी बघितलं जातं. ११:४१:४० ला मायामीच्या रडारवर बसलेल्या नियंत्रकाला या विमानासमोर ९०० फूट असा आकडा दिसला. त्याने रेडिओवर विचारलं, तिकडे कसं काय चाललंय? चार सेकंदांत उत्तर गेलं: ठीक आहे, आम्हाला वळून परत यायचंय.

नियंत्रकाने उंची का नाही विचारली, यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. त्या काळच्या रडारवर उंचीचा आकडा क्षणभर चुकीचा दिसणं नवं नव्हतं, आणि त्याच्याकडे आणखी पाच विमानं होती. एका आकड्यावरून त्याने धोका ताडला नाही. त्याच्याही लक्षाला मर्यादा होत्या, म्हणून मी त्याच्यावर खापर फोडणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. ज्या कानांना कॉकपिटमधली घंटी पोहोचली नाही, त्याच कानांना मिनिटाभराने रेडिओवरचा प्रश्न पोहोचला आणि चार सेकंदांत उत्तरही निघालं. माझा अंदाज असा: ‘कसं चाललंय’ हा प्रश्न दिव्याच्या गोष्टीत चपखल बसत होता. त्यांच्या मनात जी गोष्ट चालू होती तिचंच ते पुढचं वाक्य होतं. घंटी दुसऱ्या गोष्टीतली होती. बहिरेपण आलं होतं ते एका विषयापुरतं.

नेव्हिल मोरे या संशोधकाने १९५९ मध्ये चेरीचाच प्रयोग पुढे नेला, तेव्हा दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं तर साधारण तिघांपैकी एकाला ते कळलं. बाकीच्यांना आपलं नावही कळलं नाही, हे अर्थात आहेच. पण जे आत शिरतं ते आवाजाच्या जोरावर शिरत नाही, आपल्याशी असलेल्या नात्यावर शिरतं. ‘अमुक एक, उंची बघा’ अशी नाव घेऊन मारलेली हाक आणि तीन स्वरांची निनावी घंटी यांत हाच फरक.

शवविच्छेदनात कॅप्टनच्या मेंदूत गाठ सापडली, आणि तिच्यामुळे त्याची कडेची नजर अधू झाली असेल का, असा मुद्दा निघाला. तपास मंडळाने तो अपघाताचं कारण मानला नाही. मलाही तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. शेजारी बसलेल्याचे डोळे तर ठीक होते, आणि कान दोघांचेही.

नंतर काय बदललं

तपास मंडळाच्या १४ जून १९७३ च्या अहवालात कारण स्पष्ट लिहिलं गेलं: शेवटची चार मिनिटं वैमानिकांनी उड्डाणाच्या मापकांवर लक्ष ठेवलं नाही, आणि पुढच्या चाकाच्या दिव्यात गुंतल्यामुळे उतरण लक्षात आली नाही. हेही निघालं की ऑटोपायलटचा हुकूम सुटायला दोन्ही बाजूंच्या दांड्यांना लागणारा जोर सारखा नव्हता, एकीकडे १५ पौंड आणि दुसरीकडे २०. नियंत्रकांच्या रडारवरच कमी उंचीचा इशारा मिळण्याची सोय पुढे आली. १९७४ च्या अखेरीस जमीन जवळ आल्याची सूचना देणारं यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं करणारा नियम अमेरिकेत आला. ते बोलतं, आणि ऐकेपर्यंत बोलत राहतं. अर्ध्या सेकंदाच्या घंटीपुढे ही सुधारणा मोठीच.

तरीही २८ डिसेंबर १९७८ ला, सहा वर्षांना एक दिवस कमी असताना, अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड या विमान कंपनीची फ्लाइट १७३ चाकांच्याच शंकेपायी घिरट्या घालत राहिली आणि इंधन संपून पडली. १० जण गेले. तिथे इशारा घंटीचाही नव्हता, सहकाऱ्यांनी तोंडाने इंधनाचे आकडे सांगितले होते. म्हणजे माणसाचा आवाजही पुरेलच असं नाही. त्यानंतर कॉकपिटमधल्या कामाच्या वाटणीचं प्रशिक्षण रुजलं आणि १९८१ मध्ये १०,००० फुटांखाली कामाव्यतिरिक्त गप्पा नकोत, असा नियम झाला. तो नियम चांगला आहे. पण फ्लाइट ४०१ ला तो वाचवू शकला नसता, कारण तिथे एकही गप्पा फालतू नव्हती. सगळं बोलणं कामाचंच होतं.

आणखी एक तक्रार. अशा प्रत्येक प्रकरणानंतर उपाय म्हणून एक नवा आवाज बसवला जातो. कॉकपिट असो, अतिदक्षता विभाग असो की नियंत्रण कक्ष, घंट्यांची संख्या वाढत जाते आणि प्रत्येक घंटी गृहीत धरते की माणूस तिचीच वाट बघत बसलाय. कान एकच जोडी, आणि त्यामागे बसलेलं लक्ष डोळ्यांनाही पुरवायचं असतं, हे कुणी जमेस धरत नाही.

शेवटची पंचवीस सेकंदं

११:४१:४७ ला नियंत्रकाने डावीकडे १८० अंशांच्या, म्हणजे दक्षिणेच्या, दिशेला वळायला सांगितलं. विमान वळू लागलं. वळायचं म्हणजे कुणाला तरी मापकांकडे बघावंच लागतं. उताऱ्यात हे लिहिलेलं नाही, मी घटनाक्रमावरून म्हणतोय, पण मला वाटतं की कोंडी फुटली ती इथे. घंटीने जे केलं नाही ते एका नव्या कामाने केलं. डोळ्यांना दिव्यावरून उठवून पॅनेलवर आणून बसवलं.

११:४२:०५ ला सहवैमानिक म्हणाला, “आपण उंचीचं काहीतरी केलंय.”

“काय?”

“आपण अजून दोन हजारांवरच आहोत, बरोबर?”

आदळायला सात सेकंद उरले होते, विमान डावीकडे कललेलं. उंचीचा काटा त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि तरी तो शेजारच्याला विचारत होता.